३,००० किलोमीटरची पायवाट दोन नद्यांपाशी का तुटते? दुर्गम वाटेवर पूल बांधणं दिसतं तितकं सोपं का नाही

न्यूझीलंडच्या उत्तर टोकावरच्या केप रिएंगापासून दक्षिणेतल्या ब्लफपर्यंत एक पायवाट जाते. तिचं नाव ‘ते अरारोआ’. माओरी भाषेत याचा अर्थ लांब वाट. अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. जगभरातले ट्रेकर कित्येक महिने काढून ही वाट पूर्ण करायला येतात.

पण ही वाट सलग नाही. दक्षिण बेटावर राकाया आणि रंगिटाटा या दोन नद्या आडव्या येतात आणि तिथे वाट अधिकृतपणे थांबते. पलीकडच्या काठावर ती पुन्हा सुरू होते. मधली नदी वाटेचा भाग नाही, ती धोक्याची जागा आहे, असं वाट सांभाळणारी संस्था स्पष्ट सांगते. ट्रेकरने गाडी पकडावी, लांबून वळसा घ्यावा आणि पलीकडे जाऊन पुन्हा चालायला लागावं, अशी अपेक्षा आहे. रंगिटाटाच्या बाबतीत हा वळसा शंभर किलोमीटरहून मोठा आहे.

हे वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा, की न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशाला दोन पूल बांधता येत नाहीत का?

या प्रश्नाचं उत्तर फक्त इंजिनीअरिंगमध्ये नाही. पूल कोण वापरणार, तो कोण सांभाळणार आणि तो धोकादायक झाला की ‘बंद’ कोण म्हणणार, या तीन गोष्टींशी त्याचा संबंध आहे. जून २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला जे घडलं, तिथेही नेमके हेच तीन प्रश्न समोर आले होते.

नदी चालत ओलांडणं इतकं धोकादायक का?

गुडघाभर पाणी बघून कुणालाही वाटतं की यात काय एवढं. पण माणसाला पाडतो तो पाण्याचा वेग. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर अंगावर येणारा जोर साधारण चौपट होतो. पाणी मांडीपर्यंत आलं की शरीर थोडं हलकं होऊन पायांची पकड कमी होते. त्यात तळाशी गोल, शेवाळलेले दगड आणि पाठीवर दहा-पंधरा किलोची सॅक. एकदा पाय सुटला की खाली अडकलेली झाडं आणि दगडांच्या कपारी वाट बघत असतात.

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये नद्यांत इतके लोक बुडत, की बुडून मरण्याला ‘न्यूझीलंडचं मरण’ असंच नाव पडलं होतं. तेव्हा रस्ते नव्हते आणि नद्या ओलांडल्याशिवाय कुठेच जाता येत नव्हतं.

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ नावाची सुमारे ४,२०० किलोमीटरची वाट आहे. २०१६-१७ च्या हिवाळ्यात तिथल्या सिएरा नेवाडा पर्वतात प्रचंड बर्फ पडलं. पुढच्या उन्हाळ्यात ते वितळलं आणि एरवी सहज ओलांडता येणारे ओढे नद्यांसारखे वाहू लागले. त्या मोसमात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तरुणी वाहून गेल्या. एक जपानची होती, एक चीनची.

बर्फाच्या पाण्याची आणखी एक खोड आहे. दिवसभर ऊन पडतं, बर्फ वितळतं आणि संध्याकाळी पाणी चढतं. रात्री थंडी पडली की ते उतरतं. म्हणून पहाटे सोपा वाटणारा ओढा संध्याकाळी जीवघेणा ठरू शकतो. दिवसभराची चाल संपवून थकलेला ट्रेकर नेमका संध्याकाळीच काठावर पोहोचतो.

मग पूल बांधायचा तर अडतं कुठे?

सगळ्यात आधी जागा. पूल तिथेच टिकतो, जिथे नदी अरुंद आहे, दोन्ही काठ पक्के आहेत आणि पात्र आपली जागा बदलत नाही. राकाया आणि रंगिटाटा ज्या भागात वाटेला आडव्या येतात, तिथे यातलं काहीच नाही.

या नद्यांना एक पात्र नसतंच. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या रुंद पट्ट्यात पाण्याच्या अनेक धारा वेणीच्या पेडांसारख्या वाहतात. कुठे एकत्र येतात, कुठे फुटतात. मोठा पूर आला की कालची मुख्य धार आज कोरडी पडते आणि नवीन धार भलतीकडून निघते. अशा पात्रात छोटा पूल बांधला, तर पुढच्या पुरानंतर नदी एकीकडे आणि पूल दुसरीकडे अशी स्थिती होऊ शकते. पूर्ण पात्रावरून पूल न्यायचा तर त्याचा आकार किती होतो, याचं उदाहरण याच नदीवर खाली आहे. राकायावरचा महामार्गाचा पूल सुमारे १.७५ किलोमीटर लांब आहे. न्यूझीलंडमधला तो सर्वांत लांब रस्त्याचा पूल. वर्षाकाठी येणाऱ्या मोजक्या ट्रेकरसाठी तसा पूल कुणी बांधणार नाही. याच राकायाच्या घळईत, जिथे दोन्ही बाजूंना पक्का खडक आहे, तिथे एकोणिसाव्या शतकापासून पूल उभा आहे. नदी तीच, फक्त जागा वेगळी.

दुसरा प्रश्न उंचीचा. पूल नेहमीच्या पाण्यावरून जाऊन भागत नाही. मोठ्या पुराच्या पातळीच्याही वर, आणि त्या पुरातून वाहत येणारी झाडं खालून निघून जातील इतकी मोकळी जागा सोडून तो असावा लागतो. काठावरचा पाया पाण्याच्या मारापासून लांब हवा, नाहीतर खालची माती-वाळू वाहून जाते आणि वरून धडधाकट दिसणारा पूल आतून पोकळ होतो.

तिसरा प्रश्न सामान पोहोचवण्याचा. रस्ता नाही म्हणूनच तर ती जागा दुर्गम आहे. लोखंडी दोर, तुळया, सिमेंट एकतर हेलिकॉप्टरने न्यायचं, नाहीतर खेचरांवर, नाहीतर माणसांच्या खांद्यावर.

चौथा प्रश्न कायद्याचा. अमेरिकेत १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने काही जंगलं मुद्दाम माणसाच्या खुणांपासून मुक्त ठेवली आहेत. तिथे मोटारवाहन, यंत्रं आणि कायमची बांधकामं यांना सहसा परवानगी नाही. पूल खरंच गरजेचा आहे आणि दुसरा उपाय नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. या वाटांवर लोक जातात तेच तिथे माणसाने काही बांधलेलं नाही म्हणून. त्यामुळे प्रत्येक ओढ्यावर पूल नको, असं म्हणणारे ट्रेकरही बरेच आहेत.

पूल बांधून झाला की काम संपतं का?

खरं काम तिथून सुरू होतं.

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरच किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपाशी सॅन वॉकीन नदीच्या दक्षिण फाट्यावर एक लोखंडी पादचारी पूल होता. २०२२-२३ च्या हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडलं आणि त्या भाराने पूल मोडला. ट्रेकरना वेगळ्या मार्गाने जायला सांगण्यात आलं. रस्त्यापासून इतक्या आत, कायद्याने राखलेल्या जंगलात, पडलेला पूल उचलायलाही मोठी तयारी लागते. नवीन पूल तर त्याहून लांबची गोष्ट.

न्यूझीलंडने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. २८ एप्रिल १९९५ रोजी पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक नावाच्या ठिकाणी दरीवर बांधलेला प्रेक्षकसज्जा कोसळला. १३ विद्यार्थी आणि संवर्धन खात्याचा एक अधिकारी, असे १४ जण गेले. चौकशीत समोर आलं की सज्जाच्या रचनेला पात्र इंजिनीअरची मंजुरीच नव्हती आणि जिथे बोल्ट हवे होते तिथे खिळे ठोकलेले होते. हा पूल नव्हता, पण या घटनेने जंगलातल्या प्रत्येक बांधकामाकडे बघण्याची दृष्टी बदलली. देशभरातले पूल, सज्जे, पायऱ्या तपासल्या गेल्या. अनेक बंद झाल्या. त्या खात्याच्या मंत्र्यांनी पुढे पद सोडलं.

आज न्यूझीलंडच्या जंगलातल्या झुलत्या पुलांवर एका वेळी किती माणसं जाऊ शकतात याची पाटी असते. बऱ्याच पुलांवर आकडा असतो ‘१’. एवढी काळजी घेऊनही अपघात टळतातच असं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये वायकारेमोआना सरोवराच्या वाटेवरचा झुलता पूल अचानक एका बाजूला कलंडला आणि चार फ्रेंच पर्यटक खालच्या नदीत पडले. चौघंही वाचले. त्यानंतर तशाच धाटणीच्या बाकीच्या पुलांकडे यंत्रणेला पुन्हा वळून बघावं लागलं.

एकूण हिशेब असा आहे. पुलाचा खर्च एकदाच होत नाही. दरवर्षी तपासणी, दर काही वर्षांनी दुरुस्ती आणि एक दिवस तो काढून टाकणं, हे सगळं त्या खर्चात येतं. हे करण्याची तयारी नसेल, तर पूल न बांधणं जास्त सुरक्षित ठरतं. पूल नसलेल्या नदीपाशी माणूस विचार करतो. पूल दिसला की तो विचार करणं सोडून देतो.

पूल नाही, तर दुसरं काय?

वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अॅपलाचियन ट्रेलवर मेन राज्यात केनेबेक नदी लागते. रुंदी साधारण १२० मीटर. वरच्या धरणातून कधीही पाणी सुटतं आणि पातळी झपाट्याने वाढते. १९८५ मध्ये तिथे एक ट्रेकर बुडून गेली. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, तिथे होडी सुरू झाली. मोसमात ठरलेल्या वेळी नावाडी ट्रेकरना फुकट पलीकडे सोडतो. अॅपलाचियन ट्रेलची खूण म्हणजे झाडांवर रंगवलेला पांढरा पट्टा. तोच पट्टा या होडीच्या तळाशीही रंगवलेला आहे, म्हणजे होडी हीच अधिकृत वाट. होडीत बसल्याने आपली चाल अपूर्ण राहिली, असं कुणाला वाटू नये, याची ही सोय.

स्वीडनमध्ये कुंगस्लेडन नावाच्या वाटेवर काही सरोवरं ओलांडण्यासाठी वल्ह्याच्या होड्या ठेवलेल्या असतात. एकूण तीन. नियम एकच, प्रत्येक काठावर किमान एक होडी राहिलीच पाहिजे. तुमच्या काठावर एकच होडी असेल, तर ती घेऊन पलीकडे जायचं, तिथली दुसरी होडी मागे बांधून परत यायचं, ती इथे ठेवायची आणि मग पुन्हा पलीकडे जायचं. म्हणजे तीनदा वल्ही मारायची. कंटाळून एकाने जरी नियम मोडला, तरी मागून येणारा अडकतो.

नॉर्वेमध्ये काही पूल फक्त उन्हाळ्यापुरते असतात. मोसम सुरू झाला की स्वयंसेवक ते जोडतात आणि हिवाळ्याआधी काढून ठेवतात, म्हणजे बर्फाने आणि पुराने ते मोडायचा प्रश्नच येत नाही. न्यूझीलंडमध्ये कमी वर्दळीच्या वाटांवर तीन तारांचा पूल दिसतो. एक तार पावलांसाठी, दोन हातांसाठी. दिसायला भीतीदायक, पण बांधायला आणि बदलायला सोपा.

नेपाळला हे कसं जमलं?

या सगळ्यात सर्वांत मोठं काम मात्र एका गरीब देशाने केलं आहे. नेपाळच्या डोंगरांत पायी चालणाऱ्यांसाठी हजारो झुलते पूल उभे आहेत. ‘ग्रेट हिमालय ट्रेल’ किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकणारे ट्रेकर याच पद्धतीच्या पुलांवर उभे असतात.

पण यातले बहुतेक पूल ट्रेकरसाठी बांधलेलेच नाहीत. शाळेत जाणारी मुलं, बाजाराला निघालेले शेतकरी, दवाखान्यात न्यायचे रुग्ण यांच्यासाठी ते आहेत. स्विस तांत्रिक मदतीतून ही पद्धत रुजली. १२० मीटरपर्यंतच्या पुलांसाठी ठरावीक आराखडे तयार झाले, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने डोकं लावायची गरज उरली नाही. जागा गावाशी बोलून ठरते, गावातलीच माणसं कामाला लागतात. लांबलचक लोखंडी दोर रस्त्यापासून पुलाच्या जागेपर्यंत न्यायला माणसांची रांगच्या रांग तो खांद्यावर घेऊन डोंगर चढते. पूल उभा राहिला की देखभालीसाठी वापरकर्त्यांची समिती असते.

इथे पूल टिकण्याचं कारण साधं आहे. तो वापरणारे आणि तो सांभाळणारे एकच लोक आहेत. फळी सैल झाली तर ती रोज त्यावरून जाणाऱ्याच्या पायाला कळते, आणि ती बदलली नाही तर उद्या त्याचंच पोर तिथून जाणार असतं. ते अरारोआच्या ट्रेकरचं तसं नाही. तो आयुष्यात एकदाच त्या नदीपाशी येतो आणि पुढे निघून जातो.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

कोकणात अशा छोट्या पुलाला साकव म्हणतात. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये वहाळ असेल, तर पावसाळ्यात साकवाशिवाय पोरांना शाळाच नसते. पूर्वी माडाच्या किंवा पोफळीच्या ओंडक्यांचे साकव गावच घालायचं आणि कुजले की गावच बदलायचं. नेपाळमध्ये जे आज आहे, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

कुंडमळ्याचा पूलही मुळात गावासाठीच होता. मावळ तालुक्यात इंद्रायणीवरचा हा लोखंडी पूल साधारण तीस वर्षं जुना. स्थानिकांना पलीकडे जाता यावं म्हणून बांधलेला. मग तिथलं पावसाळी पाणी बघायला पर्यटक यायला लागले. फोटो, रील्स, वीकेंडची गर्दी. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, गर्दीच्या भाराने पूल कोसळला. चौघांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झाला होता. फलक आणि निधी दोन्ही कागदावर बरोबर होते. फक्त त्या दुपारी पुलावर चढणाऱ्यांना थांबवणारं कुणी नव्हतं.

म्हणजे पूल बांधताना जे वापरणारे होते, ते पुढे बदलले. गावाच्या येण्या-जाण्याचा पूल पर्यटकांच्या उभं राहण्याचा पूल झाला. चालत जाणाऱ्या पाच माणसांचा भार आणि जागीच उभ्या राहून फोटो काढणाऱ्या शंभर जणांचा भार यात फार अंतर आहे. वापर बदलला की पुलाचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो. तो मांडला नाही की पूल उभा दिसतो, पण त्याच्यावरचा भरवसा खोटा असतो.

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकलाही हेच लागू आहे. इथे ओढ्यांवर पूल नसतात आणि प्रत्येक ओढ्यावर ते असावेत असंही नाही. पण घाटमाथ्यावर तासभर पाऊस पडला की खाली सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी कमरेइतकं होतं. चांगली गोष्ट अशी, की इथलं पाणी चढतं तसं उतरतंही लवकर. काही तास थांबलं तर बहुतेक वेळा वाट मोकळी होते. त्याउलट कमरेला दोर बांधून प्रवाहात उतरणं, हा अनेक ट्रेकमध्ये दिसणारा प्रकार घातक आहे. पाय सुटला की दोर ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

‘पूर्ण केलं’ म्हणजे काय?

लांब पल्ल्याच्या ट्रेकिंगमध्ये एक हट्ट असतो, एकही पाऊल न सोडता सगळी वाट पायीच पूर्ण करायची. सोशल मीडियाने तो आणखी वाढवला आहे. नकाशावर सलग रेष दिसली पाहिजे, गाडीत बसलं तर ‘फिनिशर’ कसलं? या हट्टापायी लोक राकायासारख्या नदीत उतरायचा विचार करतात.

ते अरारोआची कल्पना १९९४ मध्ये जेफ चॅपल या पत्रकाराने पुढे आणली आणि ३ डिसेंबर २०११ रोजी ही वाट अधिकृतपणे खुली झाली. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सलग चालता यावं, हेच तर तिचं स्वप्न होतं. तरीही दोन ठिकाणी ती जोडायची नाही, हा निर्णय तिच्याच लोकांनी घेतला. गाडीने वळसा घालून आलेल्या ट्रेकरची वाट त्यांच्या लेखी पूर्णच असते. केनेबेकच्या होडीतला पांढरा पट्टा हेच सांगतो.

दुर्गम वाटेवर नदी सुरक्षित करायचे मार्ग अनेक आहेत. पक्का पूल, मोसमी पूल, होडी, वळसा, किंवा ‘इथून जाऊ नका’ असं स्पष्ट सांगणं. यातला कुठलाही मार्ग चालतो, फक्त त्याच्यामागे दरवर्षी लक्ष घालणारं कुणीतरी हवं आणि त्याचं ऐकणारे लोक हवेत. कुंडमळ्याच्या पुलावर फलक होता. या पावसाळ्यात असा फलक राज्यात जिथे जिथे असेल, तिथे त्याच्याजवळ एक माणूस उभा आहे का, हे विचारायला हवं.